हिलालआबाचा नासका नारळ

भाऊ गेल्याची बातमी मला धुडकूआबानं दिली. सकाळची वेळ होती, मी देवपुरातल्या घरी मेथी निवडत बसले होते आणि फोन वाजला. धुडकूआबाला फोनवर बोलायचं म्हणजे पारोळ्याहून धुळ्यापर्यंत हाक मारायची असंच वाटतं, त्यामुळे फोन मी नेहमी कानापासून हातभर लांब धरते. "बाई," तो ओरडला, "हिलाल गया." मी म्हटलं, कुठे गेला? कारण माझा भाऊ वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सांगून कुठे जात नसे. मग तोच आवाज, पण पहिल्यांदाच माणसासारखा हळू. "सकायमा चहा पिना, मन्हासंगे भांडना, नि गया. भांडन अर्धंच ऱ्हायनं, बाई." आणि एवढं सांगून झाल्यावर, फोन न ठेवता, तो मेलेल्या माणसालाच शिव्या द्यायला लागला. मी मेथीच्या जुडीकडे बघत त्या ऐकत राहिले. माझ्या भावासाठी इतकं मनापासून दुसरं कोणी बोललं नसतं.

हिलाल पाटील, गावाचा हिलालआबा, माझा थोरला भाऊ. मी त्याला नुसतं भाऊ म्हणायची आणि तो मला सुमी. पारोळ्यापासून आत आमचं गाव. मी शिकले, शिक्षिका झाले, धुळ्यात लग्न करून आले, निवृत्तही झाले. भाऊ चौथीत शाळेला रामराम ठोकून वावरात गेला आणि तिथेच राहिला. पण त्याची खरी ओळख शेतकरी म्हणून नव्हती. तो पाणाड्या होता. विहीर खोदायची असली, बोअर घालायची असली की लोक त्याला न्यायला यायचे. तो अनवाणी व्हायचा, टोपी सरळ करायचा, सोललेला नारळ शेंडी पुढे करून उजव्या तळहातावर आडवा ठेवायचा आणि वावरात चालायला लागायचा. कोणी बोलायचं नाही, कोणी खोकायचं नाही. चालता चालता एखाद्या जागी तो नारळ तळहातावर उभा राहायचा. मग भाऊ टाच रोवून म्हणायचा, "आठे." म्हणजे इथे. बस्स, एकच शब्द. त्याच्या मोबदल्यात तो नारळ आणि एक वेळचं जेवण, दुसरं काही घ्यायचा नाही. त्यामुळे आमच्या वहिनीच्या घरात कांदे कमी आणि नारळ जास्त. खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याचा रस्सा, खोबरं घातलेली डाळ... वहिनी एकदा वैतागून म्हणाली होती, "तुमचा भाऊ दाण्यावर पाणी दाखवत असता तर बरं झालं असतं, निदान शेंगदाणे तरी खाल्ले असते."

मी विज्ञान शिकवायचे. त्यामुळे आमचं या विषयावर कधी पटलं नाही. मी म्हणायची, भाऊ, तुझा हातच नकळत हलतो. तो म्हणायचा, "मग तुझाही हलव की." मी हलवला, नारळ पायावर पडला, अंगठ्याचं नख काळं झालं. तेव्हापासून मी त्याच्या शास्त्रावर बोलायचं बंद केलं. खरं सांगायचं तर त्याचे अंदाज बऱ्याचदा बरोबर यायचे; आणि चुकले तर तो म्हणायचा, पाणी होतं, तुम्ही खोदायला उशीर केला, ते पुढे निघून गेलं.

पण एक गोष्ट होती. ती फक्त तिघांना माहीत होती, भाऊ, वहिनी आणि मी. धुडकूआबा भावाचा लहानपणापासूनचा जिवलग. दोघांची वावरं बांधाला बांध लागून. भाऊ नुकताच पाणाड्या झाला होता तेव्हाची गोष्ट. धुडकूआबाला विहीर खोदायची होती. अर्थात बोलावलं कोणाला, तर हिलालला. भाऊ नारळ घेऊन सगळं वावर उभं-आडवं फिरला. बाभळीखाली गेला, बांधाकडे गेला, नारळ काही हलेना. शेवटी त्यानं मान हलवली. धुडकूआबा म्हणाला, "नई?" भाऊ म्हणाला, "नई." आणि विषय संपला. भाऊ घरी आला, वहिनीनं नेहमीप्रमाणे तो नारळ फोडला, आणि घरभर असा वास सुटला की म्हैस दावं तोडून निघाली. आत खोबऱ्याच्या जागी काळं पाणी! नारळ नासका होता. आता नासका नारळ उभा राहतो का आडवा पडतो, हे शास्त्र मला विचारू नका. पण भावाच्या शास्त्रात नासक्या नारळाची साक्ष चालत नाही, एवढं पक्कं होतं.

उद्या जाऊन सांगतो, असं तो वहिनीला म्हणाला. उद्या गेला, तर धुडकूआबा कोरडवाहू पेरणीच्या तयारीला लागलेला. परवा सांगतो म्हणाला, तर परवा शेजारच्या गावात भावानं दाखवलेल्या विहिरीला पाणी लागलं आणि त्याची मिरवणूक निघाली. हार गळ्यात असताना कोण सांगणार की माझा नारळ नासका होता! असे परवामागून परवा गेले आणि धुडकूआबाचा सगळा जन्म कोरडवाहूत गेला. बाजरी, दादर ज्वारी, मूग. त्याची पोरं मोठी झाली, म्हणाली बोअर घालू. हा म्हणायचा, "हिलालनी सांगेल शे, पानी नई." म्हणाली, दुसऱ्या पाणाड्याला आणू. तर हा त्यांच्या अंगावर धावून गेला, की हिलाल जिवंत असताना माझ्या वावरात दुसऱ्याचा नारळ फिरणार नाही. आणि इकडे भाऊ काय करायचा? आपल्या विहिरीचं पाणी त्याच्या जनावरांना द्यायचा, कडबा द्यायचा, केळीचा पहिला घड त्याच्या घरी पोचवायचा. गाव म्हणायचं, काय मैत्री आहे! वहिनी म्हणायची, "मैत्री कसली, नारळ बोलतोय." भावाला जगात एकाच गोष्टीची भीती होती... एक दिवस धुडकूला कळेल, आणि मग तो सकाळच्या चहाला येणार नाही.

हे सगळं असंच चालून गेलं असतं. पण काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, आमच्या भागात तेल शोधणारे आले.

हो, तेल. खानदेशात. गोड्या तेलाशिवाय दुसरं तेल आम्हाला ठाऊक नव्हतं. पण काळ्या दगडाच्या खाली, खूप खोल, तेल नाहीतर गॅस आहे का ते बघायचा सर्व्हे सुरू झाला होता. पारोळा रस्त्याला मोठा तंबूंचा तळ पडला. मग वावरावावरांतून लाल फडक्यांच्या काठ्या रोवल्या गेल्या, एका सरळ रेघेत. त्या रेघेला ना बांध कळत होता, ना भाऊबंदकी. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मधून, मक्यातून, कोणाच्या गोठ्यामागून ती सुतासारखी निघाली होती. गावाला तर वेडच लागायचं बाकी राहिलं. आता आपलं दुबई होणार! सोसायटीचे चेअरमन साहेबांना विचारून आले, की पेट्रोल निघालं तर गावकऱ्यांना काही सवलत राहील का. एका पठ्ठ्यानं मोटारसायकलीत पेट्रोल भरायचंच बंद केलं. म्हणे, महिन्याभरात इथेच निघणार आहे तर आता कशाला भरू? तो बिचारा ती गाडी ढकलत बाजाराला जायचा. गावातल्या एका थोराड नवऱ्या मुलाला, ज्याच्याकडे इतकी वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला त्या हिवाळ्यात चाळीसगावहून स्थळ आलं. या सगळ्यात एकटी वहिनी शहाणी. "खाली तेल असो नाहीतर तूप," ती म्हणाली, "भरताची वांगी मलाच भाजायची आहेत."

भाऊ मात्र खुशीत होता. सर्व्हेच्या तुकडीचे प्रमुख बोरा नावाचे एक साहेब होते, आसामचे, पस्तिशीतले, चष्मेवाले. मी दिवाळीची माहेरी आलेली अजून तिथेच होते; भावानं त्यांना पहिल्याच दिवशी घरी जेवायला आणलं आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खायला घातलं. त्या दिवसापासून बोरा साहेब आमच्या घरचे झाले. भावाचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. "साहेब, तुमकू जमीन का अंदर कैसा दिसता?" साहेबांनी समजावून सांगितलं. एक भोक पाडायचं, त्यात थोडी सुरुंगाची दारू उडवायची, आवाज खाली जातो, खालच्या दगडांवर आपटून परत येतो, आणि वर जमिनीत खोचलेल्या डब्या तो परतलेला आवाज ऐकतात. त्यांनी एक डबी भावाच्या हातावर ठेवली. मुठीएवढी, खाली लोखंडी खिळा. भावानं ती तळहातावर आडवी ठेवली, उभी केली, पुन्हा आडवी ठेवली आणि मग माझ्याकडे बघून खुलून हसला. "सुमी, हाऊ बी पानाड्याच शे!" त्याला जातभाई भेटला होता.

मग त्यानं धंद्यातला खरा प्रश्न विचारला. "साहेब, हर टाइम सापडता क्या?" बोरा साहेब भरीत खाता खाता म्हणाले, नाही बाबा, बऱ्याचदा नाही सापडत. "फिर लोगों को क्या बोलते?" साहेब हसले. म्हणाले, आम्ही नाही असं कधी लिहीत नाही. आम्ही लिहितो, संभावना से इनकार नहीं किया जा सकता. हे वाक्य ऐकून भाऊ जेवायचा थांबला. त्यानं मला त्याचं मराठी करायला लावलं. शक्यता नाकारता येत नाही... तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. आयुष्यभर ज्या माणसानं 'शे' नाहीतर 'नई', आहे किंवा नाही, यापलीकडे तिसरं उत्तर दिलं नव्हतं, त्याला उतारवयात तिसरं उत्तर सापडलं होतं. त्यानंतर त्याच्या तोंडात दुसरं काही येईना. वहिनीनं विचारावं, आज पाहुणे जेवायला आहेत का? शक्यता नाकारता येत नाही. बैल विकायचा का? शक्यता नाकारता येत नाही. शेवटी वहिनीनं उलथनं उगारलं तेव्हा तो नेमकं बोलायला लागला. मला मात्र त्याच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं. धुडकूला तेव्हा एवढंच म्हणालो असतो तर!

आणि मग एका सकाळी त्याचा मला फोन. "सुमी, आजना आज ये." आवाजच असा की मी एसटी धरून दुपारी गावात हजर. भाऊ मला थेट वावरात घेऊन गेला आणि बोट दाखवलं. लाल फडक्यांची ती रेघ धुडकूआबाच्या वावरातून आरपार गेली होती, आणि एक काठी बरोब्बर मध्यावर रोवलेली होती. "आठे भोक पाडतीन," भाऊ म्हणाला. "नि पानी लागनं ते?" बोलताना त्यानं टोपी काढून मुठीत पिळली होती. मी इतक्या वर्षांत भावाला असा कधी पाहिला नव्हता. इकडे सगळं गाव तेल निघावं म्हणून देवाला नवस बोलत होतं, आणि माझा भाऊ एकटा पाणी निघू नये म्हणून.

"तुले इंग्रजी येस ना? त्या सायबले सांग, जराशी वाकाडी घे म्हना रेघ." मी म्हटलं, भाऊ, सरळ धुडकूआबाला जाऊन सांग, मोकळा हो. तर म्हणाला, "चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं कसं सांगू? काल-परवाचं असतं तर सांगितलं असतं." मी गेले बोरा साहेबांकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की रेघ कोणासाठी वाकत नाही. घर असेल, विहीर असेल, देवाचं ठिकाण असेल, तरच भोक बाजूला सरकवतो. मी ते भावाला येऊन सांगितलं. माझी चूक एवढीच झाली की तीन गोष्टींतली तिसरी मी सांगितली.

दुसऱ्या दिवशी पारोळ्याचा बाजार. गाव रिकामं. भाऊ म्हणाला, अंगात कसकस आहे, मी घरीच राहतो. आम्ही संध्याकाळी परतलो तर धुडकूआबाच्या वावराकडे ही गर्दी! त्या लाल काठीच्या बुडाशी देव प्रकटला होता. चांगला घमेल्याएवढा गोटा, शेंदरानं माखलेला, दोन चांदीचे डोळे लावलेला. ते डोळे मी ओळखले. आमच्याच देव्हाऱ्यातल्या डबीतले होते. वहिनीनंही ओळखले, कारण तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. आणि सगळ्यांत पुढे धुडकूआबा, हात जोडून, डोळ्यांत पाणी. "मन्हा वावरमा देव निंघना, बाई! पानी नई ते नई, देव निंघना!" भाऊ गर्दीच्या मागे टोपी डोळ्यांवर ओढून उभा. त्याच्या धोतराला हातभर शेंदूर लागलेला होता. तो धुडकूआबाशिवाय सगळ्यांना दिसत होता. पण आमचं गाव असं, की शेंदूर कोणी लावला याची चौकशी करण्याआधी नारळ फोडून मोकळं होतं.

बोरा साहेब आले. त्यांनी बूट काढले, नमस्कार केला आणि नियमाप्रमाणे भोक बाजूला सरकवलं. सरकवलं ते कुठे? नेमकं त्या बाभळीकडे, जिथे भाऊ नारळ घेऊन सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला होता. ज्या देवाला आपण हातानं बसवलं त्यानंच आपल्याला बरोबर त्या जागेवर नेऊन सोडलं, हे पाहून भावाचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना.

खोदाईची गाडी आली त्या सकाळी सगळं गाव जमलं. बांध फोडून पारोळ्याचा एक टँकरही आत आणला होता. मशीन धडधडायला लागलं. भाऊ बांधावर उकिडवा बसलेला, धुडकूआबा त्याच्या शेजारी, दोघांत एक बिडी. काळी माती गेली, पिवळा मुरूम आला, मग करकर आवाज सुरू झाला... आणि एकदम भोकातून भसाभसा पाणी वर! चांगलं हातभर उडालं. "पानी! पानी!" पोरं नाचायला लागली, कोणी शिट्टी मारली. धुडकूआबा उठून उभा राहिला. नुसता त्या पाण्याकडे बघत राहिला, जसं कोणी हरवलेल्या माणसाकडे बघावं तसं.

आणि माझा भाऊ, जो इतकी वर्षं एका वाक्यावर बसून होता, तो सगळ्या गावासमोर, मशीनच्या आवाजावर आवाज काढून ओरडला, "धुडकू, तो नारय नासका व्हता रे!" धुडकूआबानं मान वळवली. "कोनता नारय?" "तो... तव्हयना! घर जाईसन फोडा ते नासका निंघना. माले माहीत व्हतं. मी तुले सांगं नई!" आणि भाऊ ढसाढसा रडायला लागला. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. आणि त्या शांततेत मशीनवरचा तो बिहारी माणूस, कपाळावरचा घाम पुसत, अगदी सहज म्हणाला, "काहे रोते हो बाबा? ये तो हमरे टँकर का पानी है. ऊपर से डालते हैं तबे न मिट्टी बाहर आएगा."

काय सांगू! एवढा मोठा गुन्हा कबूल करून झाला, आणि पाणी निघालं पारोळ्याच्या टँकरचं. भाऊ रडायचा थांबला, पण हुंदका मध्येच अडकला. मी पुढे होऊन त्या माणसाला विचारलं, पण खाली पाणी आहे की नाही? तो म्हणाला, मॅडम, हमको पानी थोड़े देखना है, हमको बारूद डालना है. झालं! दारू ठासली गेली, धप्प असा आवाज झाला, पायाखालची जमीन जराशी हलली, आणि ते भोक बुजवून लोक पुढच्या काठीकडे निघून गेले. धुडकूआबा एक अक्षर न बोलता घरी गेला.

त्या दिवसापासून भावाची गावानं अशी काही खेचली की विचारू नका. ज्यांच्या ज्यांच्या विहिरी कोरड्या गेल्या होत्या ते सगळे ओट्यावर येऊन बसायला लागले. "आबा, मन्हा टाइमले नारय कसा व्हता?" भावाचं लक्ष फक्त गल्लीच्या तोंडाकडे. धुडकूआबा चहाला येत नव्हता. वहिनी रोज सकाळी सवयीनं तिसरी कपबशी काढायची आणि परत ठेवायची. भाऊ वाळला. मी फोन केला की म्हणायचा, "सुमी, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मला धुळ्यात बसून रडू यायचं, आणि रागही यायचा दोघांचा. आयुष्य सरत आलं आणि हे दोन म्हातारे रुसून बसलेत!

अखेर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनीनंच सोक्षमोक्ष लावला. सण म्हटल्यावर मी माहेरी आलेच होते. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आणि वहिनी भावाला म्हणाली, "चांगला नारळ घ्या, बघून घ्या, वाजवून घ्या, आणि जा त्याच्या वावरात. होऊन जाऊ द्या एकदा." भावानं दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवून बघितले आणि एक निवडला. आम्ही दोघं गेलो. धुडकूआबा त्याच्या त्या नव्या देवापुढे बसला होता. भाऊ चपला काढायला लागला. धुडकूआबानं त्याचा हात धरला.

"आते नको, हिलाल," तो म्हणाला. "पानी निंघनं ते माले राग यी. नई निंघनं ते तुले वाईट वाटी. ऱ्हाऊ दे."

मग त्यानं भावाच्या हातातून तो नारळ घेतला, देवापुढच्या दगडावर आपटला, खोबरं पांढरंशुभ्र निघालं, आणि त्यातला मोठा तुकडा त्यानं माझ्या भावाच्या तोंडात कोंबला. "नि हाऊ देव कोनी बसाडा ते बी माले माहीत शे," तो म्हणाला. "तुन्हा धोतरले शेंदूर व्हता, भाड्या." दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला आला आणि साखर कमी आहे म्हणून वहिनीशी भांडला. आमच्या घरात पुन्हा आवाज सुरू झाला.

पावसाळ्यापूर्वी तंबू उठले. जाताना बोरा साहेबांनी वहिनीकडून भरताची कृती लिहून घेतली. पुढच्या दिवाळीत त्यांचा भावाला फोन आला. भावानं विचारलं, "साहेब, क्या निकला?" पलीकडून साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊ असा हसायला लागला की त्याची कवळी हातात आली. मी ओळखलं. शक्यता नाकारता आलेली नव्हती! गावाचं दुबई काही झालं नाही. मोटारसायकलवाल्यानं पेट्रोल भरलं. चाळीसगावचं स्थळ मात्र टिकलं. ती सून चांगली निघाली. आणि भावानं पाणी बघणं सोडून दिलं. कोणी आग्रहच केला तर म्हणायचा, जा, मशीनवाल्याला विचारा.

या मार्गशीर्षात तो गेला. दिवसकार्याच्या शेवटी, गंधमुक्तीच्या कार्यक्रमाला, बोरा साहेबांचा कुठूनसा फोन आला होता. मी नंतर महिन्याभरानं वहिनीला थोडे दिवस धुळ्याला न्यावं म्हणून गावी गेले. वहिनी पिशवी भरत होती, तेवढ्यात मी वावराकडे चक्कर मारून यावी म्हणून निघाले. भावाच्या पायाखालची वाट, आणखी काय. धुडकूआबानं लांबूनच मला पाहिलं आणि हाक मारली. हाक कसली, आरोळीच.

मी बांध ओलांडून गेले आणि थबकले. त्याच्या वावरात कांद्याची रोपं लावलेली होती. वाफ्यांत पाणी खेळत होतं. बाभळीजवळ नवा कोरा बोअरचा पाइप, आणि त्यावर घाईघाईनं टाकलेलं एक बारदान, जे त्या पाइपला अर्धंसुद्धा झाकत नव्हतं. पोरांनी महिन्यात काम उरकलं होतं. त्या वावरात यायला बैलगाडीची वाटही धड नाही. सर्व्हेवाल्यांनी फोडलेला बांध धुडकूआबानं बोअरच्या गाडीपुरता उघडून परत घातला होता. त्यानं मला बसायला घोंगडी टाकली, वाकून वाफ्याच्या तोंडाशी तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. शेंदराच्या देवाकडे बघत होता.

"टँकरनं पानी शे, बाई," तो म्हणाला.

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, आणि इतकं गोड की मी तांब्या रिकामा करूनच खाली घेतला. "गोड आहे हो आबा," मी म्हटलं.

"ऱ्हाईच. पारोयाथीन आनेल शे." आणि त्यानं पाठ फिरवून उपरण्यात तोंड खुपसलं.

मी त्याच्यापुढे तांब्या केला आणि म्हटलं, आणखी एक भरून द्या.